वत्सलाताईंचं मत

"कोण येणार ते नाही विचारलं मी. कोण यावं, ते विचारलं."

वत्सलाताई खानविलकर माझ्याशी बोलल्या ते हे दुसरं वाक्य. पहिलं वाक्य होतं, "इंग्लंडच्या निवडणुकीत कोण यावं असं वाटतं गं तुला?" ओळख ना पाळख! हॉलंडमधल्या न्यूनेन गावच्या आठवडी बाजारात चीजच्या गाडीसमोर मी रांगेत उभी होते, फोनवर आईशी मराठीत बोलत होते, आणि फोन ठेवल्याठेवल्या मागून हा प्रश्न आला. वळून बघते तर कापलेले पांढरेशुभ्र केस, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू, अंगात निळा ओव्हरकोट आणि शेजारी एक तीनचाकी सायकल. मी आपलं शहाण्यासारखं म्हटलं, "सगळे सर्व्हे तर म्हणतायत की..." तर वरचं वाक्य तोंडावर आलं.

मी पर्समध्ये सुटे पैसे शोधायला लागले. कारण कोण यावं याचा मी विचारच केला नव्हता. मी का करावा? नवऱ्याची आइंडहोवनला चिपच्या यंत्रांची नोकरी, त्याच्या मागे मी डिपेंडंट व्हिसावर आलेली, नुकती डचच्या वर्गाला जायला लागलेली. इंग्लंडमध्ये कोणीही येईना का!

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "आपल्या लोकांना अंदाज विचारला की पाच मिनिटं बोलतात. मत विचारलं की घसा बसतो." मग त्यांनी तोच प्रश्न इंग्रजीत चीजवाल्याला विचारला. तो उंचापुरा माणूस सुरी थांबवून म्हणाला, मला त्यांच्यातलं कोणीच नको, आपल्या युरोपला सोडून निघाले ना ते, आता सगळेच पडू देत. ताई खूष. "बघ! याला म्हणतात मत. चूक का असेना." आणि त्या आनंदात त्यांनी त्याच्याकडून जिऱ्याचं चीज जरा जास्तच घेतलं.

अशा त्या. नंतर कळलं की त्या कॉव्हेंट्रीच्या एका शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या कऱ्हाडच्या. लग्न होऊन इंग्लंडला गेल्या, नवरा मोटारीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. तो गेल्यावर एकुलता एक मुलगा निखिल त्यांना न्यूनेनला घेऊन आला. निखिल तिकडेच जन्मलेला, इकडे आइंडहोवनला इंजिनिअर. मराठी सगळं समजतं, रागावला की इंग्रजीत बोलतो. आईवर जीव. पण आईचा स्वभाव असा की जीव लावणाऱ्याची रोज परीक्षा.

निवडणूक हा ताईंचा छंद नव्हता. छंद म्हटलेलं त्यांना आवडायचंही नाही. "भरतकाम हा छंद. हा माझा हक्क आहे," असं त्या एकदा निखिलला म्हणाल्या, आणि ते पोळी लाटता लाटता, लाटणं वर करून. त्यांचा हिशेब साधा होता. ब्रिटिश पासपोर्ट घेतला तेव्हा भारतातलं मत गेलं. हॉलंडमध्ये त्या पाहुण्या. इथल्या खेमेंटेच्या, म्हणजे गावच्या पालिकेच्या निवडणुकीला फार तर बोट उचलायचं. देशासाठी म्हणून जगाच्या पाठीवर त्यांचं एकच मत उरलं होतं, ते कॉव्हेंट्रीत. बाहेर राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला आपल्या शेवटच्या पत्त्याच्या मतदारसंघात मत देता येतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. "एकच उरलंय, म्हणून त्याला हात लावायचा नाही कोणी," त्या म्हणायच्या.

आणि ते मत कोणाला, हे कोणालाही सांगायच्या नाहीत. जगाला विचारत सुटायच्या. स्वतःचं विचारलं की ओठ घट्ट. हुजूर पक्ष की मजूर पक्ष की तिसराच कोणी, आम्ही पैजा लावायचो. कधी त्या मजूर पक्षाला असं झोडपायच्या की वाटायचं, सापडल्या! दुसऱ्या दिवशी हुजूर पक्षाची तशीच धुलाई. "गुप्त मतदान म्हणजे गुप्त. त्यात नवरा पण आला," असं म्हणायच्या. खरंच आला होता. खानविलकर शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा हात धरून म्हणाले होते, "वत्सू, आता तरी सांग, इतकी वर्षं कोणाला देत होतीस?" आणि ही बाई म्हणाली होती, "बरे होऊन घरी या, मग सांगते."

ते घरी आले नाहीत. हे मला सांगताना त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मी म्हटलं, "सांगायचं होतंत हो ताई." त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की मी आशा सोडली." मला रडू आलं. त्यांना नाही आलं, किंवा त्यांनी येऊ दिलं नाही.

आता त्या मताचं झालं काय ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मी त्यांना बाजारात भेटले त्या निवडणुकीला त्यांनी मत पोस्टाने पाठवलं होतं. मतपत्रिकेबरोबर एक कागद असतो, त्यावर सही करायची आणि जन्मतारीख लिहायची. ती अर्जातल्या जन्मतारखेशी जुळली तरच पाकीट उघडतात. ताईंची कागदोपत्री जन्मतारीख एक जून. आपल्याकडे त्या पिढीतली अर्धी माणसं एक जूनची, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच टाकून मोकळे व्हायचे. माझ्या वडिलांची एक जून, सासऱ्यांचीही एक जून! ताईंची खरी तारीख आषाढातली. दिव्याच्या अवसेला जन्म. "लोक तिला गटारी म्हणतात, म्हणून मी कधी सांगत नाही," इति ताई. आईने सांगितलेल्या वर्षावरून त्यांनी इंग्रजी तारीख कधीच शोधून काढली होती आणि मनात जपली होती. जन्मभर सगळीकडे एक जून लिहिलं: नोकरीत, बँकेत, पासपोर्टवर. आणि त्या दिवशी, मताच्या त्या कागदावर, बाईंनी लिहिली खरी तारीख.

"पण का?" निखिलने डोकं धरलं होतं. "आई, why would you do that?"

"कारण ते माझं होतं. त्याच्याबरोबर खोटं पाठवायला मन होईना."

तिकडून कळवलं गेलं की तारीख जुळत नाही, मत मोजलेलं नाही. त्यात त्यांची काय चूक? चूक ताईंचीच, आणि अशी चूक आपलेच लोक करू जाणोत. आमच्या इथल्या मराठी मंडळात हा किस्सा पसरला आणि सगळे हसहसून लोळले. मीही हसले. ताई हसल्या नाहीत. कितीतरी दिवस त्या बाजारात आल्या नाहीत. मी घरी गेले तर म्हणाल्या, "गणिताच्या बाईचं मत मोजलं नाही गं. शून्य धरलं." मग उठून कणीक मळायला घेतली आणि परातीवर असे काही दणके दिले की शेजारची डच बाई बघायला आली. "पुढच्या वेळी जाऊन देईन," त्या म्हणाल्या. "तोंड दाखवून देईन. कसं मोजत नाहीत बघते."

ती पुढची वेळ यायला वर्षं गेली. मध्यंतरी मला आइंडहोवनला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली, ताईंचे गुडघे कुरकुरायला लागले, तीनचाकीला बॅटरी बसली. मग तिकडे निवडणूक येणार येणार असं सुरू झालं, आणि ताईंना पुन्हा पालवी फुटली. बसच्या ड्रायव्हरला विचार, सायकल दुरुस्त करणाऱ्याला विचार, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या इंग्लिश इंजिनिअरला घरी जेवायला बोलावून विचार. तो बिचारा वांग्याचं भरीत खात म्हणाला की सगळे सारखेच, कोणीही आलं तरी काही बदलत नाही. ताईंनी त्याला दुसऱ्यांदा भाकरी वाढली नाही. मी खूण केली तर मला मराठीत म्हणाल्या, "काही बदलत नाही ना? मग भूकही बदलणार नाही."

त्या वर्षी चैत्रात त्यांनी हळदीकुंकू केलं. विधवा बाईने! आमच्या मंडळातल्या बायका तशा पुढारलेल्या, पुण्या-मुंबईच्या, लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या. पण निमंत्रण आल्यावर कुजबूज झालीच. एकीच्या सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांनी दारातच विचारलं, "पण तुम्ही कुंकू... म्हणजे, मिस्टर तर..."

ताई हसून म्हणाल्या, "मी नवऱ्यासाठी लावत नव्हते हो, कपाळासाठी लावत होते. कपाळ आहे अजून." आणि त्यांनी सासूबाईंना ठसठशीत कुंकू लावलं, हातावर अत्तर फिरवलं, ओटी भरली. सासूबाई काय बोलणार! आंब्याची डाळ खाऊन वर पन्हंही दोनदा घेतलं त्यांनी. कैऱ्या आइंडहोवनच्या सुरिनामी दुकानातून मीच आणल्या होत्या, जरा गोडच निघाल्या.

डाळीच्या वाट्या हातात आल्यावर ताईंनी प्रश्न फिरवला. प्रत्येकीने सांगायचं, कोण यावं आणि का. "सर्व्हेत काय आलं" म्हणणारीला पन्हं नाही. हसत खिदळत चाललं होतं. एकीला हुजूर पक्ष हवा, टॅक्सच्या कारणाने. एकीला मजूर, सरकारी दवाखान्यांसाठी. एक म्हणाली, ज्यांचा नेता दिसायला बरा तो. ताईंनी तेही मत म्हणून मान्य केलं.

मग वर्षाची पाळी आली. वर्षा माझी मैत्रीण, स्वभावाने गरीब, कधी आवाज चढवत नाही. तिची धाकटी बहीण प्राजक्ता कॉव्हेंट्रीतच नर्स, दोन वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर गेलेली. वर्षाने वाटी खाली ठेवली.

"ताई, रागावू नका. माझ्या बहिणीच्या व्हिसाचे नियम ही माणसं रोज बदलतात. कोण येईल त्यावर तिचं घर ठरणार. ती तिथे राहते, तिथल्या लोकांची शुश्रूषा करते, आणि तिला मत नाही. तुम्ही इथे न्यूनेनला राहून मत देणार. तुम्हाला काय सोसावं लागणार आहे त्यातलं?"

ताईंनी चष्मा काढला. "पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या, "तिला मत नाही असं कोणी सांगितलं तुला?"

"ती भारतीय आहे ना!"

"म्हणूनच आहे. कॉमनवेल्थचा नागरिक तिथे कायदेशीर राहत असला की त्याला मत देता येतं. फक्त नाव नोंदवायचं. लाव फोन."

तिथेच स्पीकरवर फोन लागला. प्राजक्ता ड्यूटीवरून आलेली, आवाजात झोप. "नको गं ताई," ती वर्षाला म्हणाली, "आपण व्हिसावरची माणसं. उगाच कुठल्या यादीत नाव कशाला?" तेव्हा वत्सलाताई फोनजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "बाळ, मी वत्सलाताई बोलतेय. तुला ज्या यादीची भीती वाटते त्यात तू व्हिसा घेतलास तेव्हाच गेलीस. ही यादी वेगळी. या यादीत नाव असलं की ते तुला घाबरतात." सगळ्याजणी हसल्या. प्राजक्ताही हसली, आणि तिने नाव नोंदवलं. पुढच्या आठवड्यात वर्षाने सांगितलं तेव्हा ताईंनी मला पेढे आणायला पिटाळलं.

पण वर्षाच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तसाच राहिला होता. तुम्हाला काय सोसावं लागणार आहे? बायका गेल्यावर भांडी आवरताना मी म्हटलं, "वर्षाचं मनावर घेऊ नका." त्या म्हणाल्या, "का नको घेऊ? मत होतं ते." आणि ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. उत्तर नसलेल्या वत्सलाताई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या, आणि मला ते आवडलं नाही.

निवडणूक जाहीर झाली आणि नेमक्या त्याच दिवसांत ताई आजारी पडल्या. पायांना सूज, दोन पावलं चाललं की दम. इथल्या हाउसआर्ट्सबद्दल, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरबद्दल, आमच्यात एक विनोद आहे की काहीही झालं तरी तो पॅरासिटमॉल देतो. ताईंना दिली नाही, थेट हॉस्पिटलला पाठवलं, तेव्हाच आम्ही समजलो की प्रकरण गंभीर आहे. हृदय कमजोर झालंय, पाणी साठतंय. गोळ्या, बिनमिठाचं जेवण, आराम. आणि इतक्यात विमानप्रवास नको.

"आणि बोटीचा?" ताईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती. ती म्हणाली, बोटीचा काय प्रवास करायचाय तुम्हाला? ताई म्हणाल्या, मत द्यायचंय. डॉक्टरीणबाईने निखिलकडे बघितलं, निखिलने छताकडे. मग ती डच लोकांच्या सरळपणाने म्हणाली, मी तुम्हाला जा म्हणणार नाही, पण बांधूनही ठेवू शकत नाही. ताईंच्या लेखी ही परवानगी झाली.

घरी जे भांडण झालं त्याला मी साक्षीदार होते, कारण मी डबा घेऊन गेले होते आणि मधेच अडकले. निखिल म्हणत होता, पोस्टाने दे. या वेळी मी तारीख लिहितो. ताई म्हणाल्या, नाही. तो म्हणाला, मग प्रॉक्सी दे, प्राजक्ता तुझ्या वतीने देईल, कायद्यात बसतं. ताई म्हणाल्या, तिचं तिने द्यावं, माझं मी देईन. शेवटी तो इंग्रजीत ओरडला की आई, त्या सीटचा निकाल आत्ताच ठरलेला आहे, सगळे पोल्स सांगतायत, तुझ्या एका मताने काडीचाही फरक पडत नाही आणि त्यासाठी तू जीव धोक्यात घालतेयस!

ताई खुर्चीत बसल्या होत्या, दम लागला होता, तरी शब्द मोजून म्हणाल्या. "निखिल, फरक पाडायचा म्हणून मी मत देत नाही. मी आहे म्हणून देते. आणि मी परवानगी मागत नाहीये. कळवतेय."

तो दार आपटून गेला. मला म्हणाल्या, "पल्लवी, गाडी आहे ना तुझ्याकडे?"

माझं काय होतं, मी तिथपर्यंतच जाऊ शकत होते. माझा भारतीय पासपोर्ट. इथलं राहण्याचं कार्ड इंग्लंडला चालत नाही, वेगळा व्हिसा लागतो, आणि तो मिळेपर्यंत निवडणूक होऊन गेली असती. म्हणून ठरलं असं की मी त्यांना हुक फान हॉलंडच्या बंदरात बोटीवर सोडायचं आणि पलीकडे बंदरावर प्राजक्ताने उतरवून घ्यायचं. वर्षाने वाटेसाठी बिनमिठाच्या दशम्या करून दिल्या, आणि ताईंच्या पाया पडली. ताई म्हणाल्या, "तुझ्यामुळे चाललेय." मला वाटलं, टोमणा मारला.

जुलैचा दिवस, लख्ख ऊन, आणि ताईंच्या अंगात तो निळा ओव्हरकोट. गाडीत मी म्हटलं, "ताई, उकडून मराल." म्हणाल्या, "बॅगेत मावेना." बॅगाही चांगल्या दोन होत्या, जड. मतदानाला एवढं कशाला, असं माझ्या मनात आलं. पण म्हाताऱ्या माणसांचं सामान, औषधं वगैरे, असं म्हणून मी सोडून दिलं. वाटेत बराच वेळ त्या डोळे मिटून होत्या. एकदा उघडून म्हणाल्या, "न्यूनेन चांगलं गाव आहे गं. फार चांगलं ठेवलं मला." मी म्हटलं, "असं काय बोलताय, परवा येणारच आहात." त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

बंदरावर निखिल आधीच येऊन उभा होता. ऑफिसातून थेट आलेला, गळ्यात ओळखपत्र तसंच, पाठीवर एक सॅक. डोळे सुजलेले.

"मी येतोय," तो म्हणाला.

"तुझं नाव आहे मतदारयादीत?"

"नाही."

"मग बॅगा उचल," ताई म्हणाल्या, आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. त्याने बॅगा उचलल्या. तपासणीच्या काचेपलीकडे त्या गेल्या तेव्हा कोणीतरी चाकाची खुर्ची पुढे केली. ताईंनी मानेने नाही म्हटलं आणि मुलाचा दंड धरून, चार पावलांवर थांबत, परत चालत, बोटीच्या दिशेने गेल्या. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. मी मात्र बोट हलेपर्यंत तिथे उभी होते, वाऱ्यात, वेड्यासारखी.

मतदानाच्या दिवशी दुपारी फोन आला. "दिलं गं!" असा आवाज की माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला. प्राजक्ता बरोबर होती, तिनेही दिलं. तिथल्या बाईने ताईंचा पासपोर्ट बघितला, चेहरा बघितला, पट्टी लावून नावावर रेघ मारली. "जन्मतारीख विचारलीच नाही," ताई म्हणाल्या. "आता मोजावंच लागेल त्यांना."

दोन दिवसांनी निखिल माझ्या दारात उभा. एकटा. हातात तीनचाकी सायकलची किल्ली.

"आई येत नाही म्हणते," तो मराठीत म्हणाला.

मला कळेचना. मग तो सोफ्यावर बसला आणि त्याने सांगितलं. मतदान झाल्यावर ताईंनी त्याला प्राजक्ताच्या घरी नेलं. प्राजक्ताच्या घरात खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, ती त्यांनी भाड्याने ठरवून टाकली होती, हळदीकुंकवानंतरच, फोनवर. त्यासाठी दोन बॅगा. त्यासाठी ओव्हरकोट. निखिल रडला, ओरडला, हात जोडले. ताई त्याला म्हणाल्या, "वर्षा बरोबर बोलली. मी निवडून देते आणि त्यांच्या बसमध्ये चढत नाही. त्यांच्या डॉक्टरच्या रांगेत बसत नाही. मग लोक विचारणारच. मला मत सोडायचं नाही. मग गाव धरायला हवं."

"अरे पण तब्येत!" मी म्हटलं.

"ती म्हणाली, तब्येत दोन्हीकडे सारखीच वाईट आहे."

मला राग आला होता. खरंच सांगते, फार राग आला. मला सांगितलं असतं तर मी काय अडवलं असतं का? अडवलंच असतं. म्हणूनच सांगितलं नाही त्यांनी. त्या संध्याकाळी वर्षा आली, ऐकून "मी कशाला बोलले" म्हणून रडायला लागली. फोन लावला तर ताई तिलाच ओरडल्या, "अगं, इतक्या वर्षांत मला सरळ प्रश्न विचारणारी तू एकटी निघालीस, आणि आता माघार घेतेस?"

त्या फेब्रुवारीत ताई गेल्या, कॉव्हेंट्रीत, त्याच खोलीत. शेवटचे पंधरा दिवस निखिल तिथे होता, प्राजक्ताने मुलीसारखं केलं. मधल्या सात महिन्यांत निखिल दर महिन्याला जाऊन यायचा आणि परत आला की चिडलेला असायचा, कारण आई आराम करायचा सोडून भलत्याच भानगडीत होती. त्यांच्या वस्तीतून दवाखान्याकडे जाणारी बस बंद झाली होती. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना गोळा करून, एक पंजाबी, दोन इंग्लिश, एक जमैकाची, ताईंनी त्यांच्या नव्या खासदाराच्या मागे लकडा लावला होता. तो ताईंच्या मताने निवडून आला की मताविरुद्ध, ते देव जाणे.

मला त्या दिसल्या शेवटच्या, त्या फोनच्या पडद्यावर. नोव्हेंबर असेल. खासदार दर पंधरवड्याला लोकांना भेटायला एका चर्चच्या हॉलमध्ये बसतो, तिथे त्या रांगेत बसल्या होत्या. तोच ओव्हरकोट, चेहरा उतरलेला, ओठ निळसर, कुंकू मात्र ठसठशीत. मला म्हणाल्या, "थंडी आहे गं, हीटर चालत नाही यांचा. तेही सांगते आता." मी म्हटलं, "ताई, घरी जा हो." तेवढ्यात कोणीतरी त्यांचं नाव पुकारलं, चुकीचंच. "आला माझा नंबर," असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. बंद करायचा राहिला.

पडदा काळा झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज, त्यांचा दम, मग एका तरुण माणसाचा गोड, शिकवलेला आवाज. या, बसा, कशा आहात? कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, तुम्ही हॉलंडहून आलात असं दिसतंय, इथे किती दिवस आहात?

मी इकडे कानाला फोन लावून बसले होते.

"आय लिव्ह हिअर," ताई म्हणाल्या. "आता बसचं बोला."